मध्यम मापाची मूठ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या जागेत आमची शेड उभी आहे ते आदरणीय अंबाजी आबा, सत्कारमूर्ती शरच्चंद्र सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी अनसूयाताई, उद्यापासून आमचे मालक होणारे रुचिर सर, आणि पवनानगर, बेडसे, तळेगावहून वेळात वेळ काढून आलेल्या सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी यशोधरा. शेडमध्ये गळाच्या काठ्यांना कार्बनच्या मुठी बसवण्याचं काम करते. मला भाषणाची सवय नाही. आणि आधीच सांगून टाकते, माझ्या भाषणानंतर सरांना जी काठी भेट देणार असं मघाशी जाहीर झालं, ती आज मिळणार नाही. स्टँड रिकामा आहे तो त्यामुळेच. मंडपवाल्याचा काही दोष नाही.

सरांविषयी काय सांगू? धरणाच्या काठाला राहून मासे न खाणारा माणूस मासेमारीच्या काठ्या बनवायला लागला, तेव्हा अंबाजी आबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, "सर, तुमी खात न्हाई, मंग कुणाचा जीव घ्यायला निघालाय?" सर हसले आणि त्यांनी शेडचं भाडं आगाऊ दिलं. आबा, आपण मान हलवताय, म्हणजे गोष्ट खरी असावी.

ज्यांनी आमचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिऱ्हाइकाने ओल्या शाडूचा गोळा मुठीत दाबायचा. त्या ठशावरून साचा करायचा, साच्यात फोम ओतायचा. त्यावर कार्बनच्या धाग्यांची विणलेली नळी मोज्यासारखी चढवायची, रेझिनचा चिकट थर लावायचा, टेप घट्ट गुंडाळून भट्टीत ठेवायचं. मग घासायचं आणि वरून चकचकीत लेप द्यायचा. हे सगळं हातमोजे घालून. उघडं बोट लागलं तर कातडीचं तेल लागतं आणि लेपाला खड्डे पडतात. लेप वाळल्यावर खरं तर हात लावायला हरकत नाही. पण सरांनी पहिल्यापासून रीत घातली, की मुठीला पहिला उघडा हात लागेल तो ज्याची मूठ आहे त्याचाच. आम्ही शेवटपर्यंत मोजे काढत नाही.

ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी तयार मुठी असतात. लहान, मध्यम आणि मोठी. सुरुवातीला मध्यम माप कुणाचं घ्यायचं असा प्रश्न आला, तेव्हा शेडमध्ये एकच कामगार होता. आकाश. माझे यजमान. सर म्हणाले, तुझा हात ना लहान ना मोठा, दाब इथे. त्या संध्याकाळी आकाश घरी येऊन म्हणाला, "माझा हात आता केरळात मासं धरनार, आन् मी हितं बाजारातनं बोंबील आनतोय." त्याच्या आईला, भागुबाईंना, हे इतकं आवडलं, की येईल त्या पाहुण्याला त्या हेच ऐकवायच्या.

गेल्या वर्षी महामार्गावर आकाशला ट्रेलरने उडवलं. आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. सरांनी मला त्याच्या जागी घेतलं. मी काम शिकले. मध्यमला मागणी जास्त, म्हणून माझ्या हातून मध्यमच जास्त झाल्या. लोकांना वाटायचं, हिला रोज केवढा त्रास होत असेल. खरं सांगू? काहीच होत नव्हतं. फोम ओतायचा, घासायचं, डबा खायचा, शेवटच्या जीपने घरी जायचं. सासूबाई म्हणायच्या, "आगं येकदा रड. लय दगड झालीस." मी भाकरी थापत राहायचे.

निवृत्त व्हायचं आणि धंदा विकायचं ठरलं तेव्हा सरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "यशोधरा, आकाशचा साचा विक्रीतून काढून ठेवू का?" मी म्हटलं, "कशाला, सर? चालू माल आहे."

आता भेटीच्या काठीविषयी. सरांच्या हाताचा ठसा त्यांना नकळत घ्यायचा होता. तो अनसूयाताईंनी घेतला. गणपतीची मूर्ती घरीच करायची आहे, जरा माती मऊ करून द्या, असं सांगून त्यांनी सरांच्या हातात शाडू दिला. सरांनी तो निमूटपणे मळला, शेवटी मूठ आवळली आणि परत दिला. गणपती मात्र अजून झालेला नाही. त्या ठशात सरांची वाकडी करंगळीसुद्धा छान उठली होती. साचा केला, फळीवर ठेवला.

आणि काल मूठ पूर्ण झाल्यावर पाहते, तर वाकड्या करंगळीला जागाच नाही. सवयीने माझा हात शेजारच्या साच्याकडे गेला होता. सरांच्या निरोपाची मूठ मी आकाशच्या साच्यात ओतली होती.

खात्री करायला मी मोजा काढला आणि ती धरली. त्याची बोटं जिथे असायची तिथे माझी बोटं गेली. माझ्या हाताला ती मोठीच होते. मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. फक्त हात सोडवेना. तशीच पिशवीत हात घालून जीपमध्ये बसले. घरी सासूबाईंनी माझ्या हातातून ती घेतली, डोळे मिटून दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यो त्येचाच." मग त्या रडल्या, आणि त्यांच्या शेजारी बसून मीही. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पिशवी त्यांच्याच मांडीवर आहे.

तेव्हा सर, आपल्याला मी दिलेलं उत्तर आज सगळ्यांसमोर परत घेते. तो चालू माल नव्हता. रुचिर सर, व्यवहार झाला आहे, साचाही उद्यापासून आपलाच आहे, नाही म्हणायचा आपल्याला हक्क आहे. तरी मी मागते. तो मला द्या. घरी ठेवेन. मध्यमसाठी दुसऱ्या कुणाचा तरी हात घ्या, तुमचा घ्या, नवा साचा मी स्वतः करून देते. सरांची मूठ उद्या ओतेन, करंगळीसकट, आणि तळेगावला त्यांच्या नव्या घरी पोचवेन.

सर, आपण मला काम दिलंत आणि माझ्या गप्प राहण्याला कधी नावं ठेवली नाहीत, याबद्दल आपले आणि ताईंचे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दलही आभारी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात मी माझंच गाऱ्हाणं सांगत बसले, वर भेटही चुकवली. चूक पदरात घ्या.

आणि रुचिर सर, नवा साचा होईपर्यंत कुणी मध्यम मागितली, तर आमच्याकडची संपली म्हणून सांगा. तुम्हाला जमत नसेल तर फोन माझ्याकडे द्या. आता मला सांगता येईल.