तायडे गुरुजींचा मराठीचा वर्ग

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक विचारतो. भाषा आली म्हणजे काय आलं? शब्द जिभेवर बसले, की मनातलं दुसऱ्याला सांगता आलं? लगेच माना हलवू नका, ऐका आधी.

मेळघाटातल्या एका गावी तायडे गुरुजी कोरकू बोली बोलणाऱ्या आदिवासी बायांना मराठी शिकवायचे. पद्धत पक्की — मी म्हणेन, तुम्ही तस्संच म्हणायचं. 'हा पेला आहे.' वीस बाया एका सुरात — 'हा पेला आहे.' आणि अर्थ? तो येईल मागाहून! आधी जिभेला वळण लागू द्या. चार वर्षं हेच. त्यात पहिला नंबर फुलकायचा. उच्चार असे, की गुरुजींच्या बायकोचेही नव्हते.

एक दिवस गावात आरोग्य शिबिर लागलं. फुलकाय तान्ह्या पोरीला घेऊन रांगेत. पोरीनं मान टाकलेली. गुरुजी शेजारीच उभे, ऐटीत. आता बघा म्हणे माझी विद्यार्थिनी!

डॉक्टरांनी विचारलं, "बाळाला काय होतंय?"

फुलकाय खणखणीत म्हणाली, "बाळाला काय होतंय?"

"अहो बाई, मी तुम्हाला विचारतोय."

"अहो बाई, मी तुम्हाला विचारतोय."

रांग हसली. तुम्हीही हसलात, हसा. डॉक्टरांना वाटलं, बाई थट्टा करतेय. म्हणाले, "बाजूला व्हा. पुढचं कोण?" तेही म्हटलं तिनं, मंडळी — डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. शिकवलेलं चुकवायचं नाही ना!

 गुरुजी धावत पुढे झाले, "डॉक्टर, चूक माझी आहे, तिची नाही." फुलकायकडे वळले — आणि विचारायचं कसं? चार वर्षांत कोरकूचा एक शब्द शिकले नव्हते शहाणे! मग बसले मातीत. स्वतःचं पोट धरून कण्हले, ओकल्यासारखं केलं. तशी फुलकायनं त्यांचा हात धरून पोरीच्या पोटावर ठेवला, आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, भिजलेलं दुपटं दाखवलं, तीन बोटं वर केली. जुलाब, तीन दिवस! सलाईन लागली. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी बायांमध्ये खाली बसले. फुलकायला खुणेनं म्हणाले, कालचं ते तुझ्या बोलीत सांग. तिनं सांगितलं, गुरुजींनी म्हणून बघितलं. वाकडंतिकडं! बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग गुरुजींनी तेच तिला मराठीतून दिलं, अर्थासकट. त्या दिवसापासून, ज्याची गरज पडते ते आधी शिकवायचं, असा वर्ग सुरू झाला.

आता तुमच्याकडे येतो. मी 'विठ्ठल' म्हटलं, की तुम्ही 'विठ्ठल' म्हणता. ताल सुटत नाही, छान. पण आज देव समोर येऊन बसला नि म्हणाला, बाबा रे, तुला दुखतं कुठं ते सांग — तर तुमच्यापाशी स्वतःचं एक तरी वाक्य आहे का? माझ्या तोंडाकडे बघू नका. ते मला नाही सांगता येणार.