हळबे सरांच्या घरातली ग्रामसभा

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या मराठी मंडळाच्या सुनेत्राताई, विद्यापीठातून मुद्दाम आपल्या या बेस्ट गावापर्यंत आलेल्या डीनबाई, हळबे सरांचे आजी-माजी विद्यार्थी, आणि कोरोनाच्या नियमाने दीड-दीड मीटरवर बसूनही शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी कुमुदिनी, सरांची पत्नी. शिक्षण मॅट्रिक. सुनेत्राताई म्हणाल्या, "काकू, दोन शब्द बोलाच." दोनाचे थोडे जास्त होतील.

यांनी एकतीस वर्षं इथल्या डच विद्यापीठात आदिवासींच्या हक्कांचा कायदा शिकवला. जंगल ज्यांचं, त्यांना विचारल्याशिवाय तिथला दगड हलवायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पुस्तकं मात्र सात झाली. सुट्टीत लोक स्वित्झर्लंडला जात, आम्ही गडचिरोलीला. तिथल्या एका गावाने खाणीला संमती दिल्याचा कागद होता. यांनी तो एका आजीबाईंना वाचून दाखवला आणि विचारलं, "अंगठा तुमचाच का?" आजी म्हणाल्या, "आंगठा माझाच आहे. पण मले इचारलं कोनं?" त्या एका वाक्यावर नऊ वर्षं कोर्टात गेली. खाण झाली नाही.

तर, गेल्या महिन्यात या समारंभाचं निमंत्रण माझ्याही फोनवर आलं. ‘हळबे सर आणि काकू कायमचे मायदेशी निघाले आहेत.’ मी शेगडी बंद करून पुन्हा वाचलं.

"अहो, आपण कुठे निघालोय?"

"अगं, त्या गावाने बोलावलंय. ग्रामसभेतल्या लोकांना सरकारी कागद वाचायला शिकवायचंय. ठरलंच ते."

"कुणाचं ठरलं?"

"आपलं."

आता मला कायदा कळत नाही, पण जेवताना रोज ऐकलेला आहे. जंगलाच्या हक्कासाठी ग्रामसभा भरली, तर निम्मी माणसं हजर हवीत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. आमच्या घरात माणसं दोन. ठरलं तेव्हा हे एकटे होते, म्हणजे निम्मी हजेरी भरली. पण बायका? मी तेव्हा आल्बर्ट हाइनच्या दुकानात कोथिंबीर बघत होते. ठराव रद्द.

म्हणून गुरुवारी दत्ताची आरती झाल्यावर मी रीतसर सभा बोलावली. यांनी बाजू मांडली, छान मांडली. मग मी बोलले. आमची वैदेही इथल्याच बाडहूव्हडॉर्प गावात असते. यांना दमा, म्हणून लॉकडाउनमध्ये आठ महिने आम्ही लेकीला खिडकीच्या काचेतून पाहिलं. मी डबा उंबऱ्यावर ठेवून मागे व्हायचे, मग ती दार उघडायची. नोव्हेंबरमध्ये तिचं पहिलं बाळंतपण आहे. ते बाळ मला काचेतून बघायचं नाही.

हे म्हणाले, "म्हणजे तू नाही म्हणतेस?"

मी म्हटलं, "नाही म्हणता येत नसेल, तर ती संमतीच नव्हे. तुमच्या चौथ्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला आहे. धूळ पुसताना वाचलं."

यांनी चौथं पुस्तक काढून मागची बाजू वाचली. मग विचारलं, "बरं, तुझं काय म्हणणं आहे?" लग्नाला अडतीस वर्षं झाली. प्रश्न चांगला वाटला.

माझं म्हणणं ठरावात लिहिलं आहे. यांनी जावं, होळीपर्यंत शिकवावं, औषधाचा पंप विसरू नये. मी इथेच राहीन. होळीनंतर पुन्हा सभा. यांच्या जाण्याला माझी मनापासून संमती आहे. त्या गावाने बोलावलं आणि हे गेले नाहीत, तर मलाच घास उतरणार नाही. हे म्हणाले, "विचार करून सांगतो." दहा दिवस झाले.

तेव्हा मघाशी दिलेली शाल आणि नारळ मी टेबलावरच ठेवते आहे. जो जात नाही त्याने निरोप घेणं बरं नव्हे. नारळ मंडळाच्या गणपतीला होईल.

आपण सर्वांनी आमच्यावर इतकी वर्षं माया केलीत, तिच्याबद्दल ऋणी आहे. घरातलं चारचौघांत बोलले, तेवढं पोटात घाला.

आणि अहो, ठरावाची प्रत ही इथे ठेवली आहे, शेजारी पेन आहे. जबरदस्ती नाही. सभागृह पाच वाजेपर्यंत आपल्याकडे आहे.