आईने निवडलेला ट्रेलर

हसू नका, पण आमच्या बोटीचा ट्रेलर आईने निवडलाय. भावाने मालवणात पर्यटक फिरवायला बोट घेतली, दोन लांब पोकळ नळ्या आणि वर सपाट डेक. दुसऱ्या दिवशी ती गावी न्यायची, म्हणून आम्ही मुंबईत रे रोडला गाडीमागे जोडायचा ट्रेलर बघायला गेलो. आई सहज सोबत आलेली. परळच्या हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती ती.

दुकानदार म्हणाला, "हा घ्या. मधोमध दणकट आधार आहे."

भाऊ हो म्हणणार, तेवढ्यात आईने मोबाइलवर बोटीचा फोटो मागितला. नीट बघून म्हणाली, "वजन तर दोन्ही कडांच्या नळ्यांवर आहे. मध्ये टेकू देऊन बोट मोडायची आहे का? नळ्यांखाली लांब आधार असलेला दाखवा."

"मावशी, बोटीतलं तुम्हाला काय कळतं?"

"बोटीतलं नाही, उचलण्यातलं कळतं. पेशंटचं वजन कुठे आहे ते बघूनच हात घालायचा असतो."

दुकानदार स्वतःच्या ढेरीवर हात ठेवून म्हणाला, "पण आधार पोटालाच लागतो ना!"

आई सरळ मालवणीवर आली. "पोट तुका आसा रे, बोटीक नाय!"

दुकानदार उठला. आधी त्याने आपली खुर्ची आईला दिली, मग मागे ठेवलेला, लांब आधारांचा ट्रेलर काढला.