विसराम गावकराचं गाऱ्हाणं

मंडळी, एक सांगा — ज्याचा गळा धरावासा वाटतो, त्याच्यासाठी देवाजवळ सुख मागता येतं का? मान हलवू नका! तुम्ही मागता. रोज मागता! असो, ऐका.

कोकणातलं एक गाव. तिथं सणाला गावकर सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि दर मागणीला लोक एका सुरात म्हणतात — "व्हय म्हाराजा!" तो मान विसरामाचा. धाकटा भाऊ बाबल शेजारी नारळ धरून उभा.

विसरामाच्या मुलीचं, कुंदाचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. का? कुणी सांगेना! सणाच्या दिवशी देवळाच्या पायरीवर नवऱ्यामुलाचा मामा भेटला.

"गावकरांनू, पोरीक फेफरा येता तां लपवलात कित्याक?"

"कोण म्हणता?"

"तुमचो बाबल! वर आपलीच पोरगी आमका दाखवन गेलो!"

विसरामानं वळून आत पाहिलं. अंगाखांद्यावर वाढवलेला भाऊ — तो? तेवढ्यात आतून हाक आली, "विसरामा, गाऱ्हाणा घाल!"

उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, गावाची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या भावाचा —" बरा कर, एवढंच म्हणायचं. जीभच वळेना! आणि निघालं काय? "माझ्या भावाचा वाटोळा कर!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खं देऊळ बोललं हो! सवय! ऐकतो कोण? बाबलसुद्धा बोलला — डोळे मिटून, मोठ्यानं! मग शब्द कानात शिरला. डोळे उघडले ते उघडेच! हसताय? आरतीत तुम्ही काय म्हणता, ते तुम्हाला तरी ठाऊक असतं?

पुजारी ओरडला, "शब्द मागे घे!"

विसराम मूर्तीकडं बघतच म्हणाला, "देवाच्या फुडे खोटा कसा बोलू? देवा, ह्यानं माझ्या पोरीक फेफऱ्याचा नाव लावल्यान! ह्याका माफ कर, असा माझ्या तोंडात येणा नाय. जां पोटात आसा, तां तुझ्या पायाशी ओतलंय. आता माझो हात ह्याच्यावर उठाक देव नको!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' आपोआप आलं नाही. मग बायकांतून एकटाच आवाज आला — कुंदाचा.

"व्हय म्हाराजा!"

बाबलनं हातातला नारळ खाली ठेवला. "मी खोटा बोललंय. पोरीक कायएक नाय..."

लग्न जुळलं? नाही. भाऊ एका पंगतीला बसले? तेही नाही. पण विसरामाचा हात उठला नाही, मंडळी!

टाळ्या नकोत. डोळे मिटा. ज्याचा गळा धरावासा वाटतो, त्याचं नाव घ्या — आणि देवाला खरं काय ते सांगा. घाई नाही. मी गप्प उभा राहतो.