पेनाच्या बुडावरचे दात

सकाळी सव्वासातला बाबूराव गुरुजींनी सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवला, येडशीच्या थांब्यावर अर्धा कप चहा घेतला आणि धाराशिवच्या एसटीची वाट पाहत ते नेहमीच्या बाकावर बसले. बाकावर शेजारी बसलेल्या बहीणभावाचं भांडण आधीपासूनच पेटलेलं होतं.

“आबांना जाऊन महिना न्हाय झाला, आन् त्यांचा पार्कर विकलास, दादा?”

“दीपे, आईची आण! ह्योच आबांच्या पेटीत होता.”

“ह्यो? जुन्याच्या आत शाई ओढायला दाबायची पट्टी असती. ह्याच्यात फिरवायचं नळकांडं हाय. कॉलेजातल्या सरांनी उघडून दाखवलं मला. आत्ताची नक्कल हाय ही.”

“मग आबांना कळलं नसतं व्हय?”

“डोळे गेल्यावर आबांनी लिवलं कधी? खंडेनवमीला चाचपून हळदकुंकू तेवढं वाहायचे. बुडाला माझे लहानपणीचे दात उमटले होते. कुठं हायत ते?”

बाबूरावांचा हात खिशाकडे गेला.

“डोळे जात होते तवा निब दुरुस्तीला कुण्या गुरुजींकडं दिला होता आबांनी.”

“म्हंजे गुरुजी चोर आन् तू साव! भाऊबीजेला तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाय मी.”

“दीपे…”

“दीपे म्हणू नगंस.”

एसटी येऊन लागली. बाबूराव उठले, पण गाडीकडे गेले नाहीत. त्यांनी खिशातला पेन काढला आणि बूड वर करून बहिणीच्या तळहातावर ठेवला.

“दुरुस्तीला माझ्याकडंच आला होता,” ते म्हणाले, आणि तिच्या मांडीवरची नक्कल उचलून त्यांनी आपल्या खिशाला लावली.