एका बॅगेत दोन ड्रायव्हर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि किन्ड्रम गोल्फ क्लबचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, सन्माननीय श्री. कारमाइकल साहेब, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेल्या महिला विभागाच्या प्रमुख मिसेस इनेस, आरन बेटावरून बोटीने आणि वाऱ्याचा मार खात आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती रोना टलॉक... क्षमा करा, गेल्या मे महिन्यापासून श्रीमती रोना लेनॉक्स. त्यांचे यजमान दंतवैद्य डॉक्टर इव्हर लेनॉक्स, जे पाठीला तीन उश्या लावून बसले आहेत. आणि माशांच्या सुपाची दुसरी वाटी मिळते की नाही या काळजीत असलेल्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो,

या वर्षी मी क्लबचा कॅप्टन असल्यामुळे निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. सेक्रेटरी म्हणाले, "रॅनल्ड, पाच मिनिटं बोल, गोड बोल." मी जनावरांचा डॉक्टर. चाळीस वर्षं मेंढ्या आणि गाई यांच्याशी बोलण्यात गेली, त्यांनी गोडव्याची अपेक्षा कधी केली नाही. तरी प्रयत्न करतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला आपापसात कुजबुजायला नको. मी डॉक्टर लेनॉक्स यांच्यावर जळतो. हसू नका, मॅक्फेल. जळतो म्हणजे चांगला सणसणून जळतो. माणूस सज्जन आहे, माझी दाढ त्यांनी काढली तेव्हा कळलंसुद्धा नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

दुसरी गोष्ट. उद्या सकाळी साडेनऊला हेरिंग कपचा अंतिम सामना आहे. रोनाबाई आणि डॉक्टर विरुद्ध मॅक्फेल पतिपत्नी. बुधवारी डॉक्टरांची पाठ धरली. त्यांच्या जागी रोनाबाईंबरोबर कोण खेळणार, हे त्यांनी ठरवायचं आणि कॅप्टन म्हणून मी जाहीर करायचं. येत्या मंगळवारी त्या गाव सोडून चालल्या. म्हणजे किन्ड्रमच्या मैदानावरचा त्यांचा हा शेवटचा खेळ. त्यांच्याबरोबर मला खेळायचं होतं. लपवून काय करू? मला ते या जगात दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवं होतं. नाव मला आज संध्याकाळी साडेपाचला कळलं. भाषण संपत येईपर्यंत ते सांगू नकोस अशी ताकीद आहे, तेव्हा जरा कळ काढा.

आरनच्या पाहुण्यांपैकी ज्यांनी कधी काठी हातात धरली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फमध्ये एका बॅगेत चौदा काठ्या, त्याहून एक जास्त नाही. सगळ्यांत लांब, मोठ्या डोक्याची, पहिल्या फटक्याची ती ड्रायव्हर. आणि आमच्या हेरिंग कपची रीत अशी की एक बाई, एक पुरुष, चेंडू एक, बॅगही एकच. आळीपाळीने मारायचं. युद्धाच्या काळात काठ्यांचा तुटवडा होता तेव्हापासून चालत आलेलं आहे, आणि जुनं काही बदलायचं म्हटलं की आपल्या क्लबला ताप येतो. तेव्हा दर वसंतात प्रत्येक जोडीपुढे एक प्रश्न उभा राहतो. ड्रायव्हर एक न्यायचा की दोन? त्याचा आणि तिचा? दोन न्यायचे तर काढायचं काय?

एकोणीस वर्षं रोनाबाई माझ्या जोडीदार होत्या. एकोणीस वर्षं आमच्या बॅगेत एकच ड्रायव्हर होता. कुणाचा, ते विचारायला नको. मी सहा फूट, त्या पाच फूट एक. माझी काठी त्यांच्या हातात म्हणजे परातीत न मावणारी भाकरी. अर्ध्यावर धरून मारायच्या बिचाऱ्या. चेंडू कधी काटेरी झुडपात, कधी समुद्रात. दर एप्रिलमध्ये हीच जागा, हेच टेबल, आणि रोनाबाई विचारायच्या, "रॅनल्ड, यंदा माझा ड्रायव्हर घेऊ या का रे?"

मी म्हणायचो, "घेऊ की. पण काढायची कोणती?"

"तुझी ती दोन नंबरची लोखंडी. गेल्या वर्षभरात तुझा तिचा एक तरी फटका सरळ गेलाय का?"

"अगं, ती वडिलांची आहे."

"वडील तरी कुठे सरळ मारत होते?" असं म्हणून त्या हसायच्या आणि विषय संपायचा. मला वाटायचं, संपला. त्या हसल्या म्हणजे त्यांना चालतंय, असं मी धरून चाललो. आहे की नाही अक्कल? गाय वेदनेत आहे हे मला शंभर पावलांवरून कळतं, हो!

तीनदा अंतिम फेरीत हरलो आम्ही. तिन्ही वेळा घरी येताना मी वाऱ्याला दोष दिला. रोनाबाईंनी कुणालाच दिला नाही.

मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "रॅनल्ड, यंदा मी डॉक्टर लेनॉक्सबरोबर खेळणार आहे. रागावू नकोस." रागावलो नाही. घरी जाऊन कुत्र्यावर ओरडलो. आठ महिन्यांपूर्वी गावात आलेला हा दातांचा माणूस, याला आपल्या मैदानावरचा वारा कुठून येतो ते तरी माहीत आहे का? आणि बॅग भरताना तो माणूस काय म्हणाला, ते मला बारवर कळलं. रोनाबाईंनी विचारलं, माझा ड्रायव्हर घेऊ या का, तर हा म्हणाला, "घ्या ना." बस्स! एवढंच! एकोणीस वर्षांच्या प्रश्नाला दोन शब्दांचं उत्तर? मग स्वतःच्या बॅगेतून त्याने काढलं काय? पटर काढला. चेंडू शेवटी भोकात घालायची काठी, मंडळी! माणूस बायको बदलेल पण पटर बदलणार नाही, आणि याने आपला ठेवला घरी. सहा फूट तीन इंचांचा इसम रोनाबाईंच्या गुडघ्याएवढ्या पटरने खेळायला लागला, विहिरीत वाकून पाहिल्यासारखा. मी पोट धरून हसलो. मग चेंडू आत गेला. पुढच्या होललाही आत गेला. माझं हसणं त्यानंतर फारसं कुणी ऐकलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरात अंतिम सामन्याला समोरासमोर तेच दोघे आणि मी. माझी जोडीदार माझी थोरली बहीण जेसीताई, ती पाहा, मला थांबायची खूण करते आहे. ताई, आता नाही थांबत. तिसऱ्या होलपर्यंत आम्ही जिंकलेल्या होलांत एकाने पुढे होतो. चौथ्यावर वाऱ्याने त्यांच्या बॅगेवरचं झाकण उडालं, आणि दोन ड्रायव्हरांची दोन डोकी एकमेकांना टेकून बसलेली मला दिसली. मी म्हणालो, "थांबा. काठ्या मोजा."

आपल्या क्लबात समोरच्याच्या काठ्या मोजायला सांगणं म्हणजे पाहुण्याचे खिसे तपासण्यासारखं. रोनाबाईंनी बॅग गवतावर ठेवली. पण माझी खातरी होती हो! चौदात दोन ड्रायव्हर बसूच शकत नाहीत. कशी खातरी, ते सांगतो पुढे.

रीतीप्रमाणे जो मोजायला सांगतो त्याची बॅग आधी रिकामी करतात. जेसीताईने आमची गवतावर ओतली. मोजल्या. पुन्हा मोजल्या. पंधरा. दोन ड्रायव्हर होते आमच्यातही. सकाळी मीच घातला होता, त्यांच्यात दोन आहेत तर आपल्यात का नकोत म्हणून. दोन नंबरची काढून टेबलावर ठेवली, मग तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बॅगेत घातली. म्हटलं, पहिल्या फटक्याआधी ठरवू कोणती काढायची ते. आणि विसरलो. त्यांच्या चौदाच निघाल्या. आम्हाला दोन होलांचा दंड. सामना आम्ही हरलो, नेमक्या दोन होलांनी.

जेसीताई सगळ्यांदेखत म्हणाली, "गाढवा, ही पंधरावी कुणाची? माझ्या उंचीची तर नाही. ही कापून आखूड केलेली आहे." मी म्हणालो, तू गप्प बस. ताई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, कारण तिला कळलं होतं.

तर आता तुम्हालाही कळायला हरकत नाही. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी डंडी शहरात जाऊन एक ड्रायव्हर करवून घेतला होता. पाच फूट एक इंच उंचीच्या माणसासाठी. कारागिराने विचारलं, "मुलीसाठी का?" मी म्हणालो, "जोडीदारासाठी." गाडीतून घरी येताना मी गाणं म्हणत होतो, हे जेसीताईलाही ठाऊक नाही. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या चौदा मांडल्या आणि त्या पंधरावीला जागा करायला बसलो. ही काढू? ती वडिलांची. ही? हिने एकदा मी चेंडू वाळूतून सरळ भोकात घातला होता. ही? असू दे, लागते कधी तरी. अख्खा हिवाळा गेला, म्हणून तर ती चौदात दोन न बसण्याची खातरी. तुम्हाला खोटं वाटेल, पण मार्चपर्यंत मी त्या टेबलाच्या कोपऱ्यावर जेवलो. शेवटी ठरवलं, देऊ पुढच्या वर्षी. पंधरावी कपाटात गेली. आणि एप्रिलमध्ये रोनाबाई म्हणाल्या, यंदा मी डॉक्टर लेनॉक्सबरोबर.

रोनाबाई, खाली पाहू नका. माझं संपत आलं.

आता आजचं. दुपारी मी बॅग घेतली, एकेक काठी साबणाने धुतली, पुसली, चामड्याच्या मुठींना तेल लावलं. साडेपाचला इथे आलो. रोनाबाई खुर्च्या मांडायला मदत करत होत्या, स्वतःच्याच निरोपाच्या खुर्च्या. मी म्हणालो, "रोना, उद्या मला घे. माझी बॅग तयार आहे. चौदाच्या चौदा लख्ख केल्यात."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. बोट लावून काठ्यांची डोकी एकेक बाजूला केली. मग विचारलं, "रॅनल्ड, यात माझी कुठली?"

मंडळी, देवाशप्पथ सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कपाटात ती उभी होती. माझ्या स्वतःच्या कपाटात! शर्ट काढताना आज सकाळी तिला माझा हात लागला होता. आणि मी चौदा धुतल्या, सगळ्या माझ्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "लॅकलन सकाळी येऊन गेला. म्हणाला, तुम्हाला काय काय लागेल ते घाला, उरलेल्या जागेत मी माझ्या बसवतो."

तेव्हा कॅप्टन या नात्याने मी जाहीर करतो की उद्याच्या अंतिम सामन्यात श्रीमती रोना लेनॉक्स यांच्यासोबत बचाव-नौकेचे मेकॅनिक श्री. लॅकलन बेन खेळतील. टाळ्या वाजवा. लॅकलन, उभा राहा, लाजू नकोस. आजपासून मी तुझ्यावरही जळतो, पण तू तरुण आहेस, सोसशील.

क्लबतर्फे रोनाबाईंना चांदीचं तबक आहे, ते अध्यक्षसाहेब देतील. माझ्यातर्फे ही काठी. सव्वासहाला घरी जाऊन आणली, शेजारी राहणाऱ्या जेसीताईने ओळखलं होतं, दारातच ती हातात घेऊन उभी होती. रोनाबाई, मुठीवर हात ठेवून पाहा. बरोबर बसतो ना? बसणारच. तुमच्या हाताचं माप मी कुणाला न विचारता दिलं होतं. डॉक्टर, माझं तुमच्याशी भांडण नाही. तुमच्या बॅगेत हिला जागा करा, एवढंच.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलायची संधी दिलीत, सूप थंड होत असताना सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आरनच्या मंडळींनी न कळणारा खेळ सोसलात, त्याबद्दल मी आपणा सर्वांचा मनापासून ऋणी आहे. अशा वेळी बोलण्यातल्या चुका पदरात घ्या असं म्हणायची पद्धत आहे. बोलण्यातल्या राहू द्यात, त्या मी जाणूनबुजून केल्या. त्याआधीच्या एकोणीस वर्षांतल्या मात्र, रोना, जमलं तर माफ कर.