धारोष्ण दुधाचा लोटा

सन्माननीय अध्यक्ष सयाजीराव, व्यासपीठावर विराजमान सत्कारमूर्ती डॉक्टर अमीनसाहेब, त्यांच्या पत्नी जुलेखाभाभी, तालमीचे वस्ताद आणि शिवाजी पेठेतील माता-भगिनी-बांधवहो,

अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या परंपरेत माझे आयुष्य गेले. त्या ब्रह्माची उपासना कोठे आवरती घ्यावी, हे मात्र या पेठेला डॉक्टरसाहेबांनी शिकवले. आज ते बदलीवर साताऱ्यास निघाले आहेत. अशा वेळी मौन अधिक शोभले असते; पण ध्वनिक्षेपक हाती आलेल्या पुराणिकाला मौन कधी साधले आहे काय?

समोर हंबीरराव बसले आहेत. एकाच खुर्चीत बसले आहेत, हे पाहुण्यांनी ध्यानी घ्यावे! पूर्वी त्यांना बाक लागे. आखाडा सुटला, पण खुराक सुटला नाही. बदाम, तूप, मटण सारे पूर्ववत. देह इतका वाढला, की देवळाची पायरी चढताना श्वास कोंडे. अशातच लेकीचे लग्न ठरले. पाटावर मांडी घालून कन्यादान कसे करणार? पौरोहित्य माझ्याकडे होते. मी सुचवले, "खुर्ची घ्या, देवाला भाव पुरतो." ते कडाडले, "न्हाई गुरुजी! पाटावर बसल्याबिगर लेकीचा हात देणार न्हाई!"

डॉक्टरसाहेबांनी त्यांना तालमीतच मुक्कामाला ठेवले. पहाटे रंकाळ्याला फेरी, मोजकी भाकरी, पालेभाजी, पातळ ताक. सायंकाळी पुन्हा चालणे. घरच्या डब्यालाही बंदी! हंबीररावांच्या पत्नी चिमणाबाई दारात येऊन विचारीत, "मालकांस्नी औषीद देताय का जेलात घातलंय?" आरंभी वजन झरझर उतरले. मग काटा हलेना. लग्न तर तोंडावर आलेले.

एका सायंकाळी डॉक्टर हळूच मागोमाग निघाले आणि उलगडा झाला. दूधकट्ट्यावर पिराजी गवळी म्हशीची धार काढून फेसाळता लोटा पुढे करी आणि आमचे पैलवान तो एका दमात रिकामा करीत.

"पैलवान, हे काय?"

"दूध हाय की! खाल्लंय कुठं काय?"

पिराजी मध्ये पडला, "डाक्टर, पैलवानाला लोटा द्यायची आमच्या बापापासनंची रीत हाय. माघारी फिरला तर माझी म्हस आटंल!"

सज्जनहो, आपण असतो तर रागावलो असतो. डॉक्टर म्हणाले, "रीत मोडू नका. लोटा पैलवानांच्याच हाती द्या. प्यायचा मात्र दुसऱ्यानं." त्या दिवसापासून हंबीरराव तो लोटा तालमीत नेऊन, ज्यांना खुराक परवडत नाही अशा नव्या मल्लांना स्वहस्ते पाजू लागले. पाजताना त्यांचे डोळे भरून येत. ती करुणा होती की भूक, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही! त्याग म्हणजे टाकणे नव्हे, योग्य हाती देणे, असे मी जन्मभर प्रवचनांतून सांगत आलो. डोळ्यांनी पाहिले ते तालमीत.

मुहूर्ताला हंबीररावांनी पाटावर मांडी घातली, लेकीचा हात जावयाच्या हाती दिला आणि कोणाचाही आधार न घेता ते उठले. चिमणाबाई भर मांडवात ओरडल्या, "उठलं की वो आमचं मालक!"

डॉक्टरसाहेब, पिराजी आज दाराशी लोटा घेऊन उभा आहे. आपली काडीसारखी प्रकृती पाहता पथ्याची सबब चालणार नाही. माघारी धाडू नका. एका म्हशीचा प्रश्न आहे.

मला बोलावणाऱ्या तालीम मंडळाचा मी ऋणी आहे. माझ्या वाढण्यात काही जास्त झाले असेल, कोठे मीठ कमी पडले असेल, तर पोटात घालावे.

हंबीरराव, आता उठा आणि लोटा आणा. नाही, नाही, कोणी हात देऊ नका. साहेबांना डोळे भरून पाहू द्या.